यंत्राची दोन अक्षरी तक्रार

गेल्या पावसाळ्यात आईचा फोन आला. कपड्यांचं मशीन मध्येच थांबलं होतं आणि पडद्यावर काहीतरी उमटलं होतं. "पाच, यू, डी," तिनं वाचून दाखवलं. मी पुस्तिका उघडून बसलो. पाचनं सुरू होणारा असा कोड त्यात कुठेच नव्हता. शेवटी तिनं फोटो पाठवला तेव्हा लक्षात आलं, तो पाच नाही, इंग्रजी 'एस' आहे. एस-यू-डी, म्हणजे 'सड्स', म्हणजे साबणाचा फेस. मशीन नवं, फ्रंट लोड. पावडर मात्र बादलीत कपडे भिजवायची, आणि मापही जुन्याच सवयीचं, वाटीभर. फेस फार झालाय, तो बसेपर्यंत थांबतो, एवढंच मशीन सांगत होतं. तोवर आईनं मेकॅनिकला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावून ठेवलं होतं, आणि 'घेऊन वर्षसुद्धा झालं नाही' म्हणत ती घरातल्या सगळ्यांना फोन करत होती.

त्यानंतर मी हे कोड नीट समजून घ्यायला लागलो. त्यातून कळलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. एरर कोड ही यंत्राची तक्रार असते, रोगाचं नाव नसतं. आपण डॉक्टरांकडे जाऊन 'पोटात दुखतंय' म्हणतो. अपचन आहे की अपेंडिक्स, ते तपासल्यावर कळतं. यंत्रही 'पाणी आलं नाही' इतकंच म्हणतं. टाकी रिकामी आहे, नळ बंद आहे, की आतला व्हॉल्व्ह जळलाय, ते त्याला ठाऊक नसतं. कोड वाचून थेट पार्ट बदलायला निघालं, की पैसे जातात आणि कोड तिथेच राहतो.

सात काड्यांची लिपी

आईनं 'एस'ला पाच वाचलं यात तिची काही चूक नव्हती. मशीनच्या छोट्या पडद्यावर प्रत्येक अक्षर सात काड्यांतून तयार होतं: तीन आडव्या, चार उभ्या. सगळ्या पेटल्या की आठ. मधली विझली की शून्य. उजवीकडच्या दोनच पेटल्या की एक. सात काड्या पेटवण्या-विझवण्याच्या एकूण तऱ्हा १२८ होतात, पण त्यातल्या फार थोड्या आपल्याला ओळखू येतात.

आकड्यांसाठी ही सोय उत्तम आहे. अक्षरांची मात्र पंचाईत होते. 'एस' आणि पाच हुबेहूब सारखे. 'ओ' आणि शून्य सारखे, 'आय' आणि एकही सारखेच. मोठ्या लिपीतला 'बी' काढला तर आठ होतो आणि 'डी' काढला तर शून्य, म्हणून ही दोन अक्षरं नेहमी छोट्या लिपीत दिसतात, पोट पुढे आणि काठी उभी. 'के', 'एम', 'डब्ल्यू', 'एक्स' या काड्यांत धड बसतच नाहीत. उरतात ती ए, सी, ई, एफ, एच, एल, पी, यू. बहुतेक कोड याच मूठभर अक्षरांचे का असतात, ते यावरून कळेल. जागा दोन-तीन घरांची आणि अक्षरं इतकीच. त्यात पूर्ण वाक्य लिहिता येत नाही.

म्हणून कोड वाचताना 'हा पाच की एस, शून्य की ओ' असा संशय आधी घ्यावा. अक्षर छोट्या लिपीतलं आहे की मोठ्या, तेही बघावं. एलजीच्या फ्रंट लोड मशीनवर छोट्या 'यू'चा यू-ई आला तर मशीन स्वतःच कपडे सारखे पसरवायचा प्रयत्न करत असतं. मोठ्या 'यू'चा आला तर प्रयत्न फसलेला असतो आणि दार उघडून आपल्याला हात घालावा लागतो. फोनवर दोन्हींचा उच्चार एकच! तेव्हा कोड तोंडी सांगण्यापेक्षा फोटो पाठवावा.

मशीनला नेमकं काय कळतं?

मशीनला डोळे नाहीत. ड्रममध्ये पाणी किती आहे हे ते दाबावरून ओळखतं. टबच्या तळापासून एक बारीक नळी वर सेन्सरपर्यंत जाते. पाणी चढू लागलं की नळीतली हवा दाबली जाते आणि त्या दाबावरून मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड पातळीचा हिशेब करतो. जोडीला एक घड्याळ असतं. पाण्याचा व्हॉल्व्ह उघडल्यावर ठरावीक मिनिटांत, साधारण आठ-दहा, पातळी गाठली गेली नाही की बोर्ड थांबतो आणि 'पाणी आलं नाही'चा कोड लावतो. उपशाचंही तसंच: पंप चालू केला, वेळ संपली, तरी दाब उतरला नाही, की दुसरा कोड.

तापमानाची तऱ्हा वेगळी. त्यासाठी थर्मिस्टर नावाचा मण्याएवढा तुकडा असतो. तापमान बदललं की त्याचा विद्युतरोध बदलतो. त्याची वायर तुटली किंवा सॉकेटमधून सुटली, तर बोर्डाला येणारा आकडा खोलीत किंवा पाण्यात शक्यच नसलेल्या तापमानाचा निघतो. मग बोर्ड 'सेन्सर खराब' म्हणतो. प्रत्यक्षात सेन्सर ठणठणीत असू शकतो, आणि दोष असतो उंदरानं कुरतडलेल्या वायरीत किंवा गंजलेल्या सॉकेटमध्ये. कोकणात समुद्राजवळ राहणाऱ्यांना हा गंज चांगला परिचयाचा आहे.

पाणी येत नाही

एलजीच्या मशीनवर हा कोड आय-ई असा दिसतो: 'आय' म्हणजे इनलेट, 'ई' म्हणजे एरर. सॅमसंगवर ४-सी, जुन्या मॉडेलवर ४-ई. आपल्याकडे सगळ्यात जास्त येणारा कोड बहुधा हाच असावा, कारण आपल्याकडे पाण्याच्याच अडचणी जास्त.

आधी नळाचा कॉक पूर्ण उघडा आहे ना ते बघावं. भांडीवाल्या मावशी किंवा प्लंबर तो बंद करून गेलेले असतात आणि कुणाच्या लक्षात नसतं. मग गच्चीवरच्या टाकीत पाणी आहे का, ते. टाकी नुकतीच धुतली असेल तर तळाचा गाळ पाइपात उतरून मशीनच्या तोंडाशी अडकतो.

तिथे काय असतं ते एकदा डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. प्लग काढायचा, नळ बंद करायचा आणि मशीनच्या मागची पाण्याची नळी हातानं फिरवून सोडवायची. नळी जिथे बसते त्या भोकात चिमुकली प्लॅस्टिकची जाळी दिसेल, मध्ये धरायला एक बोंड असलेली. पक्कडीनं ते बोंड हलकेच ओढलं की जाळी बाहेर येते. बोअरचं पाणी असेल तर तिच्यावर पांढरा, खरखरीत थर असतो. पालिकेचं असेल तर तपकिरी रेती आणि पाइपातल्या गंजाचे कण. जुना दातांचा ब्रश आणि थोडं व्हिनेगर पुरेसं होतं. जाळी परत बसवायला विसरू नये. तिच्याविना मशीन चालवलं तर तोच गाळ व्हॉल्व्हमध्ये जातो.

जाळी साफ, नळ उघडा, टाकी भरलेली, तरी कोड येत असेल तर दाब कमी आहे का ते तपासावं. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार. वरच्या मजल्यावरच्या घरात टाकीतलं पाणी मशीनपेक्षा जेमतेम तीन मीटर उंच असतं, म्हणजे दाब ०.३ बारच्या आसपास. मशीनला किमान किती दाब लागतो ते पुस्तिकेत छापलेलं असतं. तेवढा मिळत नसेल तर पाणी करंगळीएवढ्या धारेनं येतं, घड्याळ संपतं आणि कोड लागतो. खालच्या मजल्यावरचं तसंच मशीन त्याच वेळी बिनतक्रार चालत असतं. अशा घरात व्हॉल्व्ह बदलून काही होत नाही. छोटा प्रेशर पंप बसवला की प्रश्न सुटतो.

आणि एक प्रकार असा, की तो कळेपर्यंत माणूस हैराण होतो. बऱ्याच फ्रंट लोड मशीनची सांडपाण्याची नळी जमिनीपासून ठरावीक उंचीवर, साधारण ६० ते १०० सेंटिमीटरवर, अडकवायची असते. ती थेट मोरीच्या जाळीत खाली सोडली, तर नळीत ओढ तयार होते आणि एकीकडून येणारं पाणी दुसरीकडून निघून जातं. पातळी चढत नाही. मशीन म्हणतं, पाणी येत नाही! पाणी येत असतं, फक्त थांबत नसतं. तक्रार खरी, पण दोष भलतीकडेच.

पाणी जात नाही

एलजीवर ओ-ई, सॅमसंगवर ५-सी किंवा ५-ई, बॉशच्या वॉशिंग मशीनवर ई-१८. फ्रंट लोडमध्ये याचं उत्तर बहुतेक वेळा पुढच्या बाजूला खाली, छोट्या झाकणाआड असतं. तिथे पंपाचा फिल्टर असतो. घरातल्या अनेकांना तो आहे हेच माहीत नसतं.

माझ्याच घरचं सांगतो. पाणी भरलेलं मशीन तसंच उभं होतं. ज्याला फोन केला त्यानं कोड ऐकून पंप बदलावा लागेल असं सांगून टाकलं. रविवार होता, म्हणून म्हटलं आपण बघू. प्लग काढला. गरम पाण्यानं धुलाई झाली होती, म्हणून तासभर थांबलो; हे थांबणं महत्त्वाचं, नाहीतर हात भाजतो. झाकण उघडलं, शेजारची बारीक रबरी नळी ओढून तिचं बूच काढलं आणि पाणी ताटलीत, मग तसराळ्यात, असं सहा-सात वेळा काढलं. जुनी चादर खाली पसरली होतीच. मग फिल्टरची मूठ डावीकडे सावकाश फिरवली. बाहेर आलं ते असं: एक रुपयाचं नाणं, दोन सेफ्टी पिना, शर्टाचं बटण, आणि बोळा झालेला, केसांनी गुंडाळलेला बसच्या तिकिटाचा लगदा.

फिल्टर काढल्यावर आत बॅटरी मारून बघावं. मागे पंपाचा छोटा पंखा दिसतो. बोटानं किंवा पेन्सिलीनं तो फिरवून बघायचा. तो गरगर फिरत नाही, टप्प्याटप्प्यानं अडखळत फिरतो. आत चुंबक असल्यामुळे तसं होतं, बिघाड समजू नये. मात्र अजिबात हलत नसेल तर पात्यात काहीतरी अडकलंय. माझ्या पंख्यात तिसरी पिन होती. ती काढली, फिल्टर घट्ट बसवला, आणि साठलेलं पाणी एका दमात निघून गेलं. तोच पंप आजही चालू आहे.

फिल्टर स्वच्छ असूनही कोड आला तर नळी मशीनमागे चेपली गेली आहे का, किंवा मोरीचा ट्रॅप तुंबलाय का, ते बघावं. पंपाचा आवाजच येत नसेल, किंवा नुसती घरघर येत असेल, तर मात्र मेकॅनिकचं काम.

तोल आणि दार

यू-ई, किंवा सॅमसंगवर यू-बी, म्हणजे पिळताना तोल जातोय. एकच जड सोलापुरी चादर किंवा एकटं पायपुसणं टाकलं की ते ओलं होऊन ड्रमच्या एका बाजूला गोळा होतं. सोबत दोन-चार टॉवेल टाकले की तोल साधतो. वरचेवर येत असेल तर मशीनचे चारही पाय जमिनीला टेकलेत का ते बघावं. मशीनच्या कोपऱ्यांवर आळीपाळीनं हात दाबला की डुगडुगणारा पाय सापडतो. नवं फ्रंट लोड पहिल्याच दिवशी घरभर नाचत असेल तर मागचे वाहतुकीचे बोल्ट काढायचे राहिलेत. ते न काढता मशीन पुन्हा चालवू नये.

डी-ई किंवा डी-सी म्हणजे दार. रबराच्या कडेत मोजा अडकतो आणि कुलूप लागत नाही. धुणं संपल्यावर कुलूप सुटायलाही मिनिट-दोन मिनिटं लागतात, तेव्हा दार ओढून मूठ तोडू नये.

जे कोड बिघाडाचे नाहीतच

सी-एल म्हणजे चाइल्ड लॉक. घरातल्या लहानानं दोन बटणं एकत्र दाबलेली असतात, आणि मग एकही बटण चालेनासं होतं. पॅनेलवर कुलपाचं किंवा बाळाच्या चेहऱ्याचं चित्र ज्या बटणाशी असेल ते तीन-चार सेकंद दाबून ठेवलं की सुटतं. एलजीवर टी-सी-एल आलं तर ड्रम साफ करण्याची आठवण आहे.

सगळ्यात जास्त घाबरवतो तो फ्रिज. नवा आणलेला, दिवा लागतो, पण गार होत नाही, आणि पडद्यावर 'ओ-एफ ओ-एफ' किंवा 'ओ-एफ-एफ'. सॅमसंग आणि एलजीच्या अनेक फ्रिजमध्ये हा दुकानातला प्रदर्शनाचा मोड असतो: दिवे चालू, थंडावा बंद. ठरावीक दोन बटणं एकत्र दाबून तो काढता येतो. कुठली ते त्या मॉडेलच्या पुस्तिकेत असतं. दूध नासल्यावर फ्रिज परत करायला निघालेल्या माणसाला हे वेळेवर कळायला हवं.

एसी: दोन डबे आणि मधली तार

स्प्लिट एसीत एक डबा खोलीत आणि एक बाहेर. इन्व्हर्टर एसीत दोघांचे बोर्ड मधल्या तारेवरून सतत एकमेकांशी बोलत असतात. हे बोलणं तुटलं की डायकिनवर यू-४ येतो आणि एलजीवर सी-एच ०५. दोष एकच, नावं दोन. कारणं मात्र अनेक: बाहेरच्या डब्याला वीजच पोचत नाही, जोडाची टेप सुटून तार काळी पडलीय, पावसाचं पाणी शिरलंय, किंवा बोर्डावर पाल चिकटून जळलीय. पालीचं हे प्रकरण मेकॅनिक लोकांना इतकं परिचयाचं आहे, की झाकण उघडताच ते आधी तिलाच शोधतात. यू-४ ऐकताच 'पीसीबी गेला' म्हणणाऱ्याला आधी तार आणि वीज तपासायला सांगावं. पीसीबी, म्हणजे तो बोर्ड, हा एसीतल्या महागड्या भागांपैकी एक आहे.

डायकिनच्या अनेक मॉडेलांत कोड आपणहून दिसत नाही, इनडोअरवरचा दिवा नुसता लुकलुकतो. रिमोट एसीकडे धरून 'कॅन्सल' बटण पाच सेकंद दाबून ठेवलं की रिमोटवर '००' लुकलुकतं. मग तेच बटण एकेकदा दाबत जायचं. दर वेळी कोड बदलतो आणि छोटी बीप येते. ज्या कोडला लांब बीप येईल तो आपला. त्यांच्या कोडमध्ये एक शिस्तही आहे: ए आणि सीनं सुरू होणारे कोड खोलीतल्या डब्याचे, ई, एफ, एच, जे, एल मुख्यतः बाहेरच्या डब्याचे, आणि यू पूर्ण यंत्रणेचे.

गॅसबद्दल इथेच सांगतो. डायकिनचा यू-० गॅस कमी झाल्याचं सुचवतो, एलजीचा सी-एच ३८ही. पण एसीतला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. गळती न शोधता नुसता गॅस भरून गेलेला माणूस पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येणार. शिवाय आजच्या बऱ्याच एसींत आर-३२ हा गॅस असतो, आणि तो काही प्रमाणात ज्वलनशील आहे. त्याचं काम शिकलेल्याच माणसानं करावं.

काही कंपन्यांच्या एसीत आकडे नसतातच. दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो, थांबतो, पुन्हा तितक्याच वेळा लुकलुकतो. डोळ्यांनी मोजताना गडबड होते. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्यावा आणि सावकाश चालवून, दोन थांब्यांमधली उघडझाप मोजावी.

एक कोड, दोन अर्थ

गाड्यांच्या बाबतीत हा गोंधळ फारसा नाही. अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या मोटारींना एकच निदानपद्धत आणि बरेचसे कोड समान ठेवणं सक्तीचं झालं. पी-०३०० म्हणजे इंजिनात मिसफायर, मग गाडी कुठल्याही कंपनीची असो. त्यामागे प्रदूषण रोखण्याचा कायदा होता. घरातल्या यंत्रांना असा कायदा लागला नाही, म्हणून प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी राहिली.

याचा फटका असा: एल-ई हा कोड एलजीच्या वॉशिंग मशीनवर मोटर अडकल्याचा असतो, तर सॅमसंगच्या जुन्या मशीनवर पाणी गळत असल्याचा. ई-५ डायकिनच्या एसीवर कॉम्प्रेसरचा, आणि उलटा ५-ई सॅमसंगच्या मशीनवर पाणी न उपसल्याचा. शेजाऱ्याकडे 'हाच' कोड आला होता आणि त्यानं अमुक बदललं, या माहितीचा उपयोग यंत्र, कंपनी आणि मॉडेल तिन्ही जुळले तरच.

इंडक्शन शेगडीवर तर हे फार जाणवतं. ई-० अनेक कंपन्यांत 'भांडं नाही किंवा चालणारं नाही' असा असतो. ॲल्युमिनियम किंवा तांब्याचं पातेलं ठेवलं की तो येतो. भांड्याच्या बुडाला फ्रिजवरचा चुंबक चिकटला तर भांडं चालेल, एवढी साधी परीक्षा. पण पुढचे आकडे प्रत्येकाचे वेगळे: एकाचा कमी व्होल्टेजचा तो दुसऱ्याचा जास्त तापल्याचा. तिथे पुस्तिकेला पर्याय नाही. शेगडी तापल्याचा कोड असेल तर उलटी करून खालच्या पंख्याची जाळी बघावी, पीठ आणि तेलाचा थर साचलेला असतो.

बंद करून चालू करण्याआधी

आपण सगळेच हे करतो, आणि अनेकदा जमतंही. लाईट चमकून गेली, व्होल्टेज झटक्यात खालीवर झालं, की बोर्ड गोंधळतो. प्लग काढून दहा मिनिटं थांबलं की आतल्या कपॅसिटरमधली वीज उतरते आणि बोर्ड नव्यानं सुरू होतो. नुसतं पॉवरचं बटण दाबून हे होत नाही, प्लग काढावा किंवा एमसीबी पाडावी.

पण त्याआधी फोटो काढावा. कोड पुसला गेला, यंत्र दोन दिवस चाललं आणि मेकॅनिक आला तेव्हा पुन्हा ठीक चालू होतं, तर त्याच्या हातात काहीच उरत नाही.

रिसेट किती वेळा? एकदा. फार तर दोनदा. तोच कोड परत आला तर तक्रार खरी आहे. काही कोडना तर एकदाही रिसेट करू नये. बॉशच्या डिशवॉशरवर ई-१५ आला म्हणजे यंत्राच्या तळाच्या तबकात पाणी साचून तिथला फ्लोट वर उचलला गेलाय. मशीन तिरकं करून ते पाणी सांडलं की कोड जातो खरा, पण गळती चालूच राहते, आणि विजेच्या यंत्राखाली पाणी साचत राहतं. यंत्राला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, जळका वास येत असेल, एमसीबी सारखी पडत असेल, तर कोड काहीही असो, प्लग काढून ठेवावा.

कुठे हात घालू नये

नळ, जाळी, फिल्टर, नळी, दाराचं रबर, एसीची धुवायची जाळी, इथवर आपलं काम. स्क्रू काढून पत्रा उघडावा लागतो तिथे थांबावं.

मायक्रोवेव्हच्या बाबतीत हे जिवाशी संबंधित आहे. आतल्या कपॅसिटरमध्ये हजारो व्होल्टची वीज असते आणि प्लग काढल्यावरही ती साठून राहू शकते. पॅनेलवर एस-ई आला (सॅमसंगवर त्याचा अर्थ बटणांचा पडदा ओलसर किंवा चिकटलेला), तर पॅनेल कोरड्या कापडानं पुसून, प्लग काढून थोडा वेळ ठेवावा. झाकण उघडू नये. इन्व्हर्टर एसीच्या बाहेरच्या बोर्डावरही तीनशेहून अधिक व्होल्ट टिकून राहतात.

मेकॅनिकला काय सांगायचं?

मॉडेल नंबर आधी. फ्रिजमध्ये तो बहुधा आतल्या बाजूच्या भिंतीवर चिकटवलेला असतो, वॉशिंग मशीनमध्ये दाराच्या कडेला किंवा मागे, एसीत इनडोअरच्या बाजूला. मग कोडचा फोटो. मग कोड कधी आला: पाणी भरताना, धुताना, उपसताना की पिळताना. त्याआधी काय घडलं: लाईट गेली होती का, टाकी धुतली होती का, मशीन हलवलं होतं का. एवढं कळलं की अनुभवी माणूस योग्य तो पार्ट सोबत घेऊन येतो आणि दोन फेऱ्यांचं काम एका फेरीत होतं.

तक्रारीसाठी फोन नंबर वॉरंटी कार्डावरून किंवा यंत्रावरच्या स्टिकरवरून घ्यावा. इंटरनेटवर शोधून मिळालेले 'कस्टमर केअर'चे नंबर पुष्कळदा खोटे असतात. मोबाइलमध्ये ॲप उतरवायला किंवा दहा रुपये 'नोंदणी' भरायला सांगितलं की फोन ठेवून द्यावा.

पार्ट बदलायचा म्हटला तर 'कोड आला म्हणून' एवढं कारण पुरेसं मानू नये. काय तपासलं ते विचारावं. चांगला मेकॅनिक मीटर लावून वायर तुटलेली दाखवतो, आणि विचारल्याचा त्याला राग येत नाही. जुना पार्ट परत मागावा आणि बिलावर नव्या पार्टचं नाव व वॉरंटी लिहून घ्यावी. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. ग्राहक मंत्रालयानं डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टल सुरू केलं. दुरुस्तीच्या पुस्तिका, सुट्या भागांची माहिती आणि वॉरंटीचे तपशील ग्राहकाला मिळावेत हा त्याचा हेतू, आणि घरगुती उपकरणं त्याच्या कक्षेत येतात. पण माझ्या मते कोडची यादी तरी यंत्राच्या अंगावरच छापलेली असायला हवी, आणि मराठीत. पुस्तिका पहिल्या वर्षातच हरवते.

तोवर मी आईच्या मशीनसाठी स्वतःच केलंय. पांढऱ्या कागदावर ठळक अक्षरांत पाच ओळी लिहून, वर पारदर्शक टेप लावून, मशीनच्या बाजूला चिकटवल्यात. प्रत्येक ओळीत आधी काड्यांचं चित्र, जसं पडद्यावर दिसतं तसंच. पुढे आधी काय बघायचं ते: नळ, फिल्टर, चादर, दार. पाचव्या ओळीत फेसाचं चित्र आहे, आणि त्यापुढे लिहिलंय: 'पावडर दोन चमचे.'